मदत हवी आहे: फिरतीवर एडिटिंगसाठी लॅपटॉप आणि कॅमकॉर्डर

नमस्कार मंडळी, नाशिकला असतो, सुट्टी मिळाली की हरिहर, अंजनेरी, साल्हेर अशा कुठल्यातरी किल्ल्यावर जातो, आणि आता मुक्कामीच रात्री व्हिडिओ एडिट करून टाकायचाय, घरी येऊन करू म्हटलं की राहूनच जातं ते. दोन्ही मिळून बजेट दीड लाख, सेकंडहँड पण चालेल.

कॅमकॉर्डर अशासाठी की हरिहरच्या पायऱ्यांवर एक हात खोबणीतच लागतो. सोनीच्या एएक्स४३ मध्ये अख्खी लेन्सच आत हलून धक्के सांभाळते, वर २० पट झूम, पण सेन्सर छोटा, मग पावसाळी अंधुक उजेडात चित्र दाणेदार येतं का? कोणी वापरलाय?

लॅपटॉपचं जास्त कन्फ्युजन आहे. १०० एमबीपीएसने (सेकंदाला १०० मेगाबिट) रेकॉर्ड केलेला फोरके व्हिडिओ म्हणजे तासाला ४५ जीबी, त्यामुळे बाहेरून जोडायची एसएसडी (स्टोरेज ड्राइव्ह) घेणारच. १६ जीबी रॅमचा मॅकबुक एअर बघतोय, पण त्याला फॅनच नाही, लांब एक्सपोर्टला तापून स्लो होतो का? आरटीएक्स ग्राफिक्स कार्डवाला विंडोज लॅपटॉप घ्यावा तर चार्जरच विटेएवढा, सॅकमध्ये पाणी ठेवू की तो! सॉफ्टवेअर डाविंची रिझॉल्व्ह, फ्रीवालंच. दुकानात विचारलं की गेमिंगचेच माथी मारतात, म्हणून प्रत्यक्ष वापरणाऱ्यांनीच सांगा प्लीज.