हावडा ब्रिजला नदीत एकही खांब का नाही?

प्रश्न:
हावड्याहून लाँचने पलीकडे जाताना पुलाच्या बरोबर खालून गेलो. वर पाहिलं तर रस्ता चक्क टांगलेला! दोन अवाढव्य मनोरे काठाला, मधे सगळं मोकळं. याच हुगळीवर थोडं वर, बालीला १९३१ चा पूल आहे. त्याचे खांब सरळ पाण्यात. मग इथेच एवढा खटाटोप का? इंग्रजांची हौस?

उत्तर:
हौस कसली, कोलकाता बंदरवाल्यांची धास्ती. आधी इथे ब्रॅडफर्ड लेस्लीचा तरंगता पूल होता, १८७४ चा. तो पुरता खुला व्हायच्या आतच त्या मार्चच्या वादळात एक आगबोट दोर तोडून येऊन आदळली आणि तीन पाँटून (पूल तोलून धरणारे तराफे) बुडाले. पुढे रोजचंच दुखणं: जहाज आलं की मधला २०० फुटांचा तुकडा बाजूला काढायचा, दोन्ही काठांना वाहतूक तुंबायची. १९०६ साली मोजलं तर निम्म्याहून जास्त वाहनं बैलगाड्या. आता कल्पना करा!

नव्या पुलाच्या वेळी पात्रात खांब नकोच, असं ठरलं. हुगळी गाळाची नदी, त्यात भरती-ओहोटी. खांबाभोवती प्रवाह वळला की गाळ कुठे साचेल याचा नेम नाही, आणि जहाजांची वाट भरली की बंदर बसलं. म्हणून दोन्हीकडून बाहू पुढे काढत मधे जोडले. गाळा (दोन मनोऱ्यांमधलं अंतर) ४५७ मीटर, पोलाद सुमारे २६,५०० टन, बहुतेक टाटांचं. फेब्रुवारी १९४३ मध्ये खुला झाला.

आणि नटबोल्ट नाहीत, सगळं रिव्हेटिंग. लालबुंद रिव्हेट (डोकं असलेला पोलादी खिळा) भोकात घालायचा, एकाने मागून दाब धरायचा, दुसऱ्याने डोकं ठोकायचं. निवताना तो आकसतो आणि पत्रे आवळून धरतो. फॅब्रिकेशनमध्ये हे काम केलंय, त्यामुळे तो सांगाडा बघूनच माझे खांदे भरून येतात.

दुसरं उत्तर:
याच नदीवर थोडं खाली विद्यासागर सेतू आहे, तो बघा. केबलवरचा, तंत्र वेगळं, तरी गाळा पुन्हा ४५७ मीटरच आणि नदीचा मध्य मोकळा. पायाभरणी १९७२, खुला १९९२. वीस वर्षं, बोला!

प्रश्नकर्ता:
धन्यवाद. मग हावडा ब्रिजची देखभाल कोण करतं, पीडब्ल्यूडी?

पहिले उत्तरदाते:
नाही, अजूनही बंदरच. वादळ-जहाजांचं भय गेलं, आता पान-गुटख्याच्या पिचकाऱ्या. हँगरच्या (रस्ता टांगून धरणाऱ्या पोलादी दांड्यांच्या) बुडाची पोलादी आवरणं त्याने इतकी खाल्ली की शेवटी फायबरग्लासची झाकणं बसवावी लागली. पुढच्या वेळी लाँच सोडून पायी जा, दिसतील.