आर्किटेक्चर कॉलेजचं प्रभारी प्राचार्यपद घ्यावं का? आणि घेतलं तर आधी कशाला हात घालायचा?

स्टुडिओमास्तर

नमस्कार मंडळी. जिल्ह्याच्या ठिकाणी एका खासगी आर्किटेक्चर कॉलेजात बरीच वर्षं डिझाइन आणि बिल्डिंग कन्स्ट्रक्शन शिकवतोय. आमचे प्राचार्य रिटायर झाले तेव्हापासून खुर्ची रिकामी आहे आणि आता संस्थाचालक म्हणतायत की तूच चार्ज घे, प्रभारी म्हणून. पगारात किरकोळ फरक, शिकवण्याचा लोड तोच, वर इन्स्पेक्शन, अफिलिएशन, अॅडमिशन, फी वसुली सगळं माझ्या गळ्यात. घरचे म्हणतात घेऊ नको. मला मात्र घ्यावंसं वाटतंय, कारण मी नाही घेतलं तर कोण येईल ते मला दिसतंय आणि त्यांचं सगळं लक्ष फायलींवर असेल.

पण घेऊन करायचं काय हा खरा प्रश्न आहे. परवाच्या जुरीतलं, म्हणजे मुलांची डिझाइनं तपासायला परीक्षक बसतात त्यातलं, सांगतो. तिसऱ्या वर्षाचा मुलगा, विषय तालुक्याच्या गावातली लायब्ररी. व्ह्यू, म्हणजे इमारत कशी दिसेल त्याचं चित्र, असा जबरदस्त की बाहेरून आलेले जुरर दोन मिनिटं बघतच राहिले, संध्याकाळचा उजेड, पाण्यात पडलेलं प्रतिबिंब, मधोमध वळत जाणारा जिना. एआयवर केलेला होता, त्याने लपवलंही नाही. मग मी प्लॅनवर आलो आणि जिन्याच्या पायऱ्या मोजल्या, मजल्याची उंची ३.३ मीटर आणि रायझर, म्हणजे पायऱ्यांचे उभे चढ, फक्त १२, म्हणजे एकेक पायरी २७५ मिलिमीटर! म्हटलं अरे हा जिना चढणार कोण? १६५ चा रायझर धरला तर २० लागतात, आणि २० घेतले की तुझा जिना त्या जागेत मावतच नाही, अख्खा प्लॅन बदलतो. मुलगा हुशार आहे हो, त्याला लगेच कळलं. पण सेमिस्टरभर त्याला हे कोणी विचारलंच नव्हतं, कारण त्या स्टुडिओवर, म्हणजे डिझाइनच्या वर्गावर, जे व्हिजिटिंगचे सर आहेत त्यांना तासाप्रमाणे पैसे मिळतात, तेही उशिरा, आणि चाळीस मुलांत त्यांनी किती जणांचं शीट बघायचं.

जागा भरत नाहीत, चांगले शिक्षक टिकत नाहीत, रेंडर, म्हणजे असे व्ह्यू, बनवायचं काम मशीन करायला लागलंय आणि आपण अजून त्यालाच मार्क देतोय. अशा वेळी प्राचार्याच्या हातात खरंच काय असतं? ज्यांनी हे पद सांभाळलंय किंवा जवळून पाहिलंय त्यांनी मोकळेपणाने सांगा.

जुना_जेजेवाला

वयाने मोठा आहे म्हणून अरेतुरे करतो, राग मानू नकोस. चार्ज घे. पण "प्रभारी" हा शब्द काढून घे, नाहीतर किमान दोन वर्षांची लेखी मुदत तरी घे. मी अशी खूप माणसं पाहिली, वर्षानुवर्षं प्रभारी राहिली आणि एकही मोठा निर्णय घेऊ शकली नाहीत, कारण उद्या खुर्ची राहील की नाही याचाच भरवसा नाही. संस्थेला ते सोयीचं असतं, पूर्ण अधिकार द्यावे लागत नाहीत.

आता मुद्द्याचं. जेजेत, म्हणजे मुंबईच्या जेजे आर्किटेक्चर कॉलेजात, १९२३ पासून वीस वर्षं क्लॉड बॅटली प्राचार्य होते. त्याच काळात ते ग्रेगसन, बॅटली अँड किंग या फर्ममध्ये भागीदार होते, आज तू ज्याला मुंबई सेंट्रल म्हणतोस ते १९३० चं स्टेशन त्यांचंच. आणि हाच माणूस मुलांना जुन्या भारतीय इमारती मोजायला पाठवायचा, टेप घेऊन, खांब, ब्रॅकेट, जाळी सगळं मोजून स्केलमध्ये काढून आणायचं. म्हणजे सकाळी साइटवर जे कळलं ते दुपारी वर्गात. आर्किटेक्ट बाळकृष्ण डोशींचंही तसंच, पुण्यात जन्मलेला, जेजेत शिकलेला माणूस, १९६२ ला अहमदाबादला स्कूल ऑफ आर्किटेक्चर काढतो आणि स्वतःची प्रॅक्टिस चालू ठेवून ते चालवतो. ती इमारतही बघ कधी जाऊन, स्टुडिओत उत्तरेचा उजेड, खाली मोकळी जागा, पहिल्या वर्षाचा मुलगा पाचव्याच्या टेबलावर सहज डोकावू शकतो.

आज पूर्णवेळ शिक्षकाने प्रॅक्टिस करतो म्हटलं की बऱ्याच ठिकाणी भुवया उंचावतात. मग उरतात दोनच प्रकार, एक कागदावर सगळ्या अटी पूर्ण करणारे पण वीट न लावलेले, आणि दुसरे काम येणारे पण व्हिजिटिंगच्या तुटपुंज्या पैशात येऊन जाऊन करणारे. तू प्राचार्य झालास तर पहिलं काम हे कर, तुझ्या शिक्षकांना वर्षाला एखादं तरी खरं काम करायची लेखी परवानगी मिळवून दे. आणि स्वतः एक स्टुडिओ घेत राहा. प्राचार्य जुरीला बसेनासा झाला की कॉलेज हळूहळू ऑफिसच्या ताब्यात जातं, मग टाइमटेबलसुद्धा हेडक्लार्क ठरवतो.

चिऱ्याचीभिंत

मी कोकणात प्रॅक्टिस करतो, दरवर्षी ट्रेनिंगला दोन-तीन मुलं घेतो. जेजेवाले सर म्हणाले ते शंभर टक्के पटलं, पण मला जरा दुसरं बोलायचंय.

मुलं ऑफिसला येतात तेव्हा सॉफ्टवेअर आमच्यापेक्षा भारी येतं त्यांना, त्याबद्दल तक्रार नाही. पण चिऱ्याची, म्हणजे जांभ्या दगडाची, भिंत किती जाडीची, कोपऱ्याला चिरा कसा गुंतवायचा, पावसाच्या बाजूला छपराची पागोळी किती बाहेर काढायची, हे पाच वर्षांत कोणी दाखवलेलं नसतं. मागच्या पावसाळ्याआधी एका मुलीला घेऊन साइटवर गेलो, मिस्त्री सळ्यांभोवती बांधायच्या लोखंडी रिंगा वाकवत होता, तिला विचारलं हुकचा कोन किती, ती म्हणाली नव्वद. मिस्त्रीने हसून तिच्या हातात हत्यार दिलं आणि १३५ अंशात वाकवून घेतलं, भूकंपात रिंग उघडू नये म्हणून टोक आत कोअरमध्ये, म्हणजे काँक्रीटच्या गाभ्यात, जायला लागतं हे तिला तिथे उभं राहून कळलं. नंतर ती प्रत्येक साइटला आधी रिंगा बघायला जायची.

आणि हे का महत्त्वाचं ते सांगतो. मार्च २०२० मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं की १९७२ च्या आर्किटेक्ट्स अॅक्टने "आर्किटेक्ट" हे नाव राखून ठेवलंय, काम नाही. आमच्याकडे तर यूडीसीपीआरप्रमाणे, म्हणजे राज्याच्या बांधकाम नियमावलीप्रमाणे, लायसन्स्ड इंजिनिअर पण प्लॅन टाकतो, आणि गिऱ्हाइकाला दोघांतला फरक माहितीच नसतो, तो स्वस्त कोण ते बघतो. म्हणजे नुसत्या डिग्रीच्या कागदाने पोराचं पोट भरणार नाही, त्याला असं काहीतरी यायला पाहिजे की गिऱ्हाईक म्हणेल, घराला वारा लागतोय, भिंत ओल धरत नाही, याच माणसाकडे जा.

आमच्याकडे जुलै २०२१ ला चिपळूण बुडालं. वाशिष्ठीचं पाणी बाजारपेठेत शिरलं, लोक छपरावर बसून होते. किती कॉलेजांनी त्या गावावर स्टुडिओ घेतला? जोतं किती उंच असावं, तळमजल्याला काय ठेवावं, जिना बाहेरून घ्यावा का, यापेक्षा मोठा डिझाइन प्रॉब्लेम कुठला हवा? त्याऐवजी मुलं आंतरराष्ट्रीय विमानतळ करतायत, जे त्यातल्या कोणाच्या वाट्याला येणार नाही. प्राचार्य म्हणून एवढं तुमच्या हातात नक्की असतं, स्टुडिओचा विषय तुमच्या पन्नास किलोमीटरच्या आतला ठेवा. त्याला ना काउन्सिल ऑफ आर्किटेक्चरची परवानगी लागते ना युनिव्हर्सिटीची.

चौथंवर्ष_रडतखडत

सर, मी स्टुडंट आहे, बोलू का नको असं वाटत होतं पण तुम्ही सगळ्यांना विचारलंय म्हणून लिहितेय.

आम्ही एआय का वापरतो ते कोणी विचारत नाही. सबमिशनच्या आदल्या आठवड्यात एकाच वेळी डिझाइन, वर्किंग ड्रॉइंग, सर्व्हिसेस आणि लँडस्केप असं सगळं लागतं, कारण चार सर-मॅडम एकमेकांशी बोलत नाहीत, प्रत्येकाला आपल्याच विषयाची तारीख महत्त्वाची. दोन रात्री जागून काढल्या की तिसऱ्या रात्री जे पटकन होतं तेच करणार ना आम्ही. आणि जुरीला व्ह्यू चांगला असला की मार्क येतात, सेक्शन, म्हणजे इमारत उभी कापून दाखवणारं ड्रॉइंग, कोणी उलगडून बघत नाही, हे आम्ही पहिल्या वर्षातच शिकतो.

दुसरं म्हणजे पैसे. ए-वन शीटचे कलर प्रिंट, मॉडेलला माउंट बोर्ड, सनबोर्ड, सगळं दर जुरीला नव्याने. माझी रूममेट गावाकडून आलीये, तिची फी स्कॉलरशिपमध्ये बसते पण प्रिंटचा खर्च कुठल्याच स्कॉलरशिपमध्ये नसतो, ती मेसचा एक वेळचा डबा बंद करून प्रिंट काढते. तुम्ही प्राचार्य झालात तर प्लीज एवढं करा, मधल्या सगळ्या जुरी बटर पेपरवर किंवा प्रोजेक्टरवर घ्या, प्रिंट फक्त शेवटच्या जुरीला. आणि एक अजून, जुरीत मुलांचं मॉडेल हाताने मोडणं, घरच्यांवरून बोलणं हे कडक शिस्त म्हणून चालवून घेऊ नका. आमच्या वर्गातला एक जण त्यानंतर परत आलाच नाही.

मँचेस्टरकर

मूळ सांगलीचा, इकडे यूकेत काम करतो. वरच्या ताईंनी लिहिलंय ते वाचून वाईट वाटलं, आणि अगदी हेच इकडचीही मुलं बोलतात म्हणून लिहितोय.

इकडे आर्किटेक्ट व्हायला आत्तापर्यंत तीन वर्षं पार्ट वन, म्हणजे पहिली डिग्री, मग ऑफिसात वर्ष, मग दोन वर्षं पार्ट टू, मग पार्ट थ्री, सगळं मिळून कमीत कमी सात वर्षं आणि डोक्यावर कर्जाचा डोंगर. म्हणून इथल्या रजिस्ट्रेशन बोर्डाने २०२३ मध्ये ठरवलं की पार्ट वन-टूच्या पायऱ्या मोजण्यापेक्षा माणसाला शेवटी काय येतं ते बघू. दुसरं म्हणजे २०१८ पासून डिग्री अप्रेंटिसशिप आली, मुलगा आठवड्यातले चार दिवस ऑफिसात पगारावर आणि एक दिवस युनिव्हर्सिटीत. माझ्या ऑफिसात असे दोघं होते, खरं सांगतो, फुलटाइम शिकून आलेल्यांपेक्षा डिटेलिंग त्यांना चांगलं यायचं, आणि ज्यांच्या घरात कोणी कॉलेजचं तोंड पाहिलं नव्हतं अशी मुलं त्यातून आर्किटेक्ट झाली. पण त्याचा सरकारी पैसा जानेवारी २०२६ पासून बावीस आणि त्यावरच्या वयाच्या नव्या मुलांसाठी जवळपास बंदच झाला, म्हणजे ज्यांना गरज त्यांचाच दरवाजा बंद. तेव्हा सर, काही नवीन सुरू केलंत तर ते सरकारच्या एखाद्या योजनेवर उभं करू नका.

तुमच्या हातात ट्रेनिंगचं सेमिस्टर आहे. आपल्याकडे ते बहुतेक ठिकाणी सर्टिफिकेट आणून द्यायचं काम झालंय. शिक्षक महिन्यातून एकदा त्या ऑफिसला फोन करतो का, मुलगा नुसता टॉयलेट डिटेल काढतोय की साइटवरही जातोय हे कोण बघतं?

नियमांची_वही

थोडं कायद्याचं, कारण वर कुणीतरी परवानग्यांचा विषय काढला. पूर्वी एआयसीटीई, म्हणजे तंत्रशिक्षणाची केंद्रीय परिषद, आणि काउन्सिल ऑफ आर्किटेक्चर या दोघांच्या ओढाताणीत कॉलेजं भरडली जायची. ती केस आपल्या कोल्हापूरचीच, प्रिन्स शिवाजी मराठा बोर्डिंग हाउसचं आर्किटेक्चर कॉलेज. ८ नोव्हेंबर २०१९ ला सुप्रीम कोर्टाने निकाल दिला की आर्किटेक्चरच्या डिग्रीपुरता शब्द काउन्सिलचा. त्यानंतर २०२० चे नवीन मिनिमम स्टँडर्ड्स आले. हे "मिनिमम" आहेत हे लक्षात ठेवा, संस्थाचालक तेवढंच पुरे म्हणतात, पण त्यापेक्षा जास्त करायला कुणीच अडवलेलं नाही.

स्वायत्ततेचं म्हणाल तर जेजे २०२३ मध्ये डी नोव्हो अभिमत विद्यापीठ झालं, त्यांना आता सिलॅबस स्वतःचा करता येईल. तुमचं कॉलेज संलग्न, त्यामुळे सिलॅबस युनिव्हर्सिटीचा. पण इंटर्नल मार्क तुमचे. इंटर्नलमध्ये प्रोसेसला किती, सेक्शनला किती, रेंडरला किती हे एका मीटिंगमध्ये ठरवून नोटीस बोर्डावर लावता येतं. पहिल्या वर्षापासून लावलंत तर दोन बॅचमध्ये मुलं आपोआप सेक्शन काढायला लागतील.

स्टुडिओमास्तर

सगळ्यांचे मनापासून आभार, रात्री उशिरापर्यंत परत परत वाचत होतो. चौथ्या वर्षाच्या ताई, तुझं लिहिणं स्टाफरूममध्ये वाचून दाखवणार आहे, नाव नाही घेणार.

चार्ज घ्यायचं ठरवलंय, पण जेजेवाले सर म्हणतात तसं लेखी मुदत मिळाली तरच. संस्थेला पत्र लिहायला बसलोय. त्यात टाकतोय की व्हिजिटिंगवाल्यांचे पैसे दर महिन्याच्या दहा तारखेच्या आत गेले पाहिजेत, स्टुडिओच्या दिवशी दुसरा कुठलाही कार्यक्रम, सेमिनार, स्वागत समारंभ लागणार नाही, मी स्वतः दुसऱ्या वर्षाचा स्टुडिओ घेणार आणि शिक्षकांना बाहेरच्या कामाची परवानगी राहील. शेवटच्या मुद्द्यावर ते अडतील असं वाटतंय. सबमिशनच्या तारखा चारही विषयांच्या एका कागदावर आणणं आणि इंटर्नलचे मार्क ठरवणं हे तर पत्राशिवायही जमेल, ते सोमवारी सुरू.

दुसऱ्या वर्षाला नदीकाठचीच एखादी जुनी पेठ मोजायला द्यायची असं डोक्यात आहे, जोत्यापासून पत्र्यापर्यंत, आणि मग तिथेच एक घर आणि खाली दुकान डिझाइन करायचं. चिऱ्याचीभिंत सर, तुमच्या त्या मिस्त्रींना एक दिवस आमच्याकडे आणता येईल का? येण्याजाण्याचा खर्च आणि त्या दिवसाची मजुरी कॉलेजातून द्यायची व्यवस्था करतो, मेसेज टाकलाय तुम्हाला.

चिऱ्याचीभिंत

मेसेज बघितला. मिस्त्री यायला तयार आहे, फक्त गणपतीनंतरची तारीख द्या. आणि चिरे तुमच्याकडे मिळणार नाहीत, पाचपन्नास मी गाडीत टाकून आणतो. मुलांना सांगा ओळंबा आणि गुण्या आपापला आणा.