‘गाठ काढली’ की ‘गाठ फोडली’? अंडकोशावरच्या गाठींचे शब्द

विचारणा : शस्त्रक्रियेच्या संमतिपत्राचं मराठी करते आहे. रुग्णाच्या अंडकोशाच्या कातडीत बऱ्याच गाठी आहेत. परिभाषेप्रमाणे मी ‘वृषणकोशातील सौम्य पुटींचे उच्छेदन’ असं लिहिलं. ते वाचून रुग्णाने विचारलं, “म्हणजे अंड काढणार का?” काय लिहू?

उत्तर : रुग्णाचं काही चुकलं नाही. वृषण ही आतली ग्रंथी आणि वृषणकोश किंवा अंडकोश ही तिची बाहेरची पिशवी, हा भेद पुस्तकात असतो. बोलताना दोन्हींना ‘अंड’च म्हणतात. त्यात पुढे ‘उच्छेदन’! ‘अंडकोशाच्या कातडीतल्या गाठी’ लिहा, आणि ‘आतल्या वृषणांना धक्का लावायचा नाही’ हे स्वतंत्र वाक्य घाला.

‘सौम्य’सुद्धा काढा. बोलीत सौम्य म्हणजे कमी जोराचा, जसा सौम्य ताप. मग माणूस म्हणतो, सौम्य आहे तर कापायचं कशाला? वॉर्डात डॉक्टर ‘साधी गाठ, कॅन्सरची नाही’ असं सांगतात. तेच लिहावं.

दुसरं उत्तर (सर्जरी विभागातून) : माझा आग्रह क्रियापदाबद्दल आहे. बरेच जण ‘गाठ फोडली’, ‘गाठ काढली’ एकाच अर्थाने म्हणतात. कातडीतल्या या गाठीत पांढरट, चिकट मळासारखा ऐवज असतो आणि भोवती पातळ पिशवी असते. नुसती फोडून दाबली तर ऐवज निघतो, पिशवी राहते आणि गाठ पुन्हा भरते. पिशवीसकट काढावी लागते. सुश्रुताने शस्त्रकर्मं ८ मानली आहेत. त्यांत छेदन, भेदन आणि वेधन वेगवेगळी आहेत : कापून काढणं, चिरून उघडणं, टोचणं. इथे छेदन हवं. संमतिपत्रात ‘पिशवीसकट कापून काढणे’ लिहा.

अंडकोशाची कातडी सैल असल्याने बऱ्याच गाठी काढल्या तरी जखम सहसा ताण न येता शिवता येते. थोड्या गाठी असतील तर तेवढीच जागा बधिर करून काम होतं, आणि टाके बहुधा विरघळणारे घालतात.

तिसरं उत्तर : ‘अंडवृद्धी’ चालेल का?

दुसऱ्या उत्तरातले : नाही, तो हायड्रोसील. त्यात वृषणाभोवतीच्या आवरणात पाणी साठतं. पूर्व विदर्भातल्या हत्तीरोगाच्या पट्ट्यात हा शब्द घरोघरी माहीत आहे, त्यामुळे गैरसमज नक्की होईल. सुश्रुताची ‘मूत्रज वृद्धी’ तीच. तिच्यात तो शिवणीच्या (अंडकोशाच्या मधोमध दिसणाऱ्या रेषेच्या) बाजूला, खालच्या अंगाला व्रीहिमुख नावाच्या टोकदार शस्त्राने टोचून नळीने पाणी काढायला सांगतो, म्हणजे तिथे वेधन. ‘अंतर्गळ’ आणखी वेगळा, तो हर्निया. आणि वृषणाच्या मागे-वर असलेल्या अधिवृषणातली (शुक्राणू वाहून नेणाऱ्या वेटोळ्या नळीतली) पाण्याची गाठ ही चौथी गोष्ट. ती त्रास देत नसेल तर सहसा तशीच ठेवतात, कारण ती काढताना शुक्राणूंची वाट बंद होऊ शकते. मूल हवं असलेल्या माणसाला हे आधी सांगायलाच हवं. तुमच्या रुग्णाच्या गाठी कातडीतल्या असल्याने हा धोका त्यांना लागू नाही.

विचारणा करणारी : मग असं लिहिते : ‘अंडकोशाच्या कातडीतल्या साध्या (कॅन्सरच्या नसलेल्या) गाठी पिशवीसकट कापून काढण्याची शस्त्रक्रिया. आतली दोन्ही वृषणं जशीच्या तशी राहतील.’

दुसऱ्या उत्तरातले : ‘काढलेल्या गाठी तपासणीसाठी प्रयोगशाळेत पाठवल्या जातील’ हेही जोडा. साधी दिसणारी गाठही तिथे तपासूनच साधी ठरते. ‘साध्या’च्या जागी ‘बाहेरून तपासताना साध्या दिसणाऱ्या’ असं घातलंत तर जास्त खरं होईल.