मदत हवी आहे: आई-बाबांसोबत स्वस्तात बँकॉक

नमस्कार मंडळी. डिसेंबरात तीन-चार दिवस बँकॉकला जायचा विचार आहे. आम्हा तिघांचीही पहिलीच परदेशवारी, त्यामुळे पैसे जपूनच. सुवर्णभूमी विमानतळावरून एअरपोर्ट रेल लिंकने ४५ बाटमध्ये फाया थाईला पोचता येतं, म्हणून हॉटेल तिथेच बघतोय. पण ग्रँड पॅलेस हा राजवाडा, वाट फो आणि वाट अरुण ही बौद्ध मंदिरं, सगळं नदीकाठी! मग फाया थाईला स्कायट्रेनजवळ (पुलावरून धावणारी मेट्रो) राहावं की नदीकडच्या जुन्या शहरात? बाबांचे गुडघे दुखतात, जिने शक्यतो नकोत. ग्रँड पॅलेसचं तिकीट माणशी ५०० बाट. तेवढं वसूल होतं का? आई शुद्ध शाकाहारी, फिश सॉसचा थेंबही चालायचा नाही. पाहुरातच्या भारतीय वस्तीत कोणी जेवलंय का? पॅकेज टूर मात्र सुचवू नका, बाबा भडकतात.