अनुभव धागा: लॅपटॉप लगेच घेतलात की थांबलात?

घरातला लॅपटॉप 2017 चा, इंटेलचा सातव्या पिढीचा आय-5 प्रोसेसर. त्याच्यावर विंडोज 11 रीतसर चढत नाही आणि विंडोज 10 चे नेहमीचे फुकट अपडेट 14 ऑक्टोबर 2025 ला बंद झाले. उजवी बिजागरी तुटलीय, म्हणून स्क्रीनच्या पाठीशी पोळपाट उभा करते. लेक सांगलीला इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला. सुट्टीत घरी आली की तिचं कोडिंग आणि माझ्या पोळ्या एका वेळी होत नाहीत. ती म्हणते घेऊया. हे म्हणतात थांबा, नवी चिप येतेय. ती काय, दरवर्षीच येते.

सल्ले नकोत, ते भाच्यांनी भरपूर दिलेत. तुमचं काय झालं ते लिहा. फसलेल्यांनी आधी.

*

मग पहिला नंबर माझा. जुलै 2020, लॉकडाऊन, भाषांतराची कामं अंगावर आणि जुना लॅपटॉप गेलेला. 22 जूनलाच अ‍ॅपलने जाहीर केलं होतं की इंटेल सोडून स्वतःच्या चिप वापरणार. वाचलं होतं मी. पण सगळं बदलायला दोन वर्षं लागतील असंही त्यात होतं, आणि मी सोयीचं तेवढंच लक्षात ठेवलं. इंटेलवाली मॅकबुक एअर घेतली, 92,990 रुपये. 10 नोव्हेंबरला अ‍ॅपलच्या स्वतःच्या एम-1 चिपची एअर आली, 92,900 ला. वर नव्वद रुपये स्वस्त! तिला पंखाच नाही. धाकट्याने डिसेंबरात घेतली आणि मुद्दाम माझ्यासमोर उघडून बसायला लागला. त्याच्या एअरवर मॅकओएस टाहो ही अ‍ॅपलची नंतरची सिस्टिमसुद्धा चढली, माझ्या एअरवर नाही.

पण त्या चार-पाच महिन्यांत लॅपटॉपच्या किमतीहून जास्त कमावलं, तेही त्याच मशीनवर. हे त्याला ऐकवलं तर म्हणतो, "दादा, पंखा ऐकू येतोय."

*

2024 चा दसरा, 12 ऑक्टोबर. मुहूर्त साधून 8 जीबी रॅमची एम-2 मॅकबुक एअर घेतली. 30 तारखेपासून तीच एअर त्याच किमतीत 16 जीबीची झाली. रॅम बोर्डावरच पक्की, नंतर वाढवायची सोय नाही. आई अजून म्हणते मुहूर्त चांगला होता.

*

घाईचं माझ्याकडून घ्या. 3 ऑगस्ट 2023 ला लॅपटॉपच्या आयातीवर परवान्याची अट आली. दुसऱ्याच दिवशी हाफ डे टाकून दुकान गाठलं आणि समोर होता तो उचलला: 17 इंची, अडीच किलो. रात्री बातमी, अट 31 ऑक्टोबरपर्यंत पुढे ढकलली. दुकानातून लॅपटॉप कधी गायब झालेच नाहीत. खांदा मात्र गेला.

*

आम्ही थांबून फसलो. 15 ऑगस्ट 2025 ला लाल किल्ल्यावरून जीएसटी कमी होणार हे ऐकलं आणि लॅपटॉप दिवाळीवर ढकलला. 22 सप्टेंबरला एसी 28 टक्क्यांवरून 18 वर आला. लॅपटॉप आधीपासूनच 18 वर होता, तिथेच राहिला. मग एसी घेतला.

*

मी नवा घेतलाही नाही आणि थांबलोही नाही. 2024 च्या पावसाळ्यात मुंबईत लॅमिंग्टन रोडला जाऊन वापरलेला थिंकपॅड टी-480 घेतला. आठवी पिढी, त्यामुळे विंडोज 11 ची अडचण नाही. पैसे द्यायच्या आधी काउंटरवरच मागचं झाकण उघडायला लावलं. (लाजू नका, दुकानदाराकडे स्क्रू-ड्रायव्हर असतोच.) रॅमचे स्लॉट दोन, एकात 8 जीबी, दुसरा रिकामा. बॅटऱ्याही दोन, एक आत आणि एक खटका सरकवून बाहेरून निघणारी. बाहेरची पार दमलेली होती, तिच्या नावावर हजार रुपये कमी करून घेतले.

रॅमचं तेवढं "बघू नंतर" म्हणालो आणि इथेच नडलं. 2025 संपता संपता एआयच्या डेटा सेंटरांपायी मेमरीचे भाव चढले. 8 जीबीची पट्टी विचारायला गेलो, आकडा ऐकला आणि म्हटलं, "16 ची नाही हो, 8 ची."

"8 चाच सांगतोय."

*

मी 2022 पासून थांबलोय. हा प्रतिसाद मोबाइलवरून.

*

सगळ्यांचे आभार. लॅमिंग्टन रोडवाले, तुमची ती पट्टी ह्यांना मोठ्याने वाचून दाखवली. शनिवारी दुकानात गेलो. लेकीने आधी विचारलं रॅम बदलता येते का, मग किंमत. 16 जीबीचा घेतला, एक स्लॉट मोकळा आहे. झाकण उघडून दाखवा म्हणायचा धीर मात्र मला झाला नाही, तिनेच सांगितलं. येताना हे गाडीत पुढच्या चिपची बातमी वाचत होते, मोठ्याने.

पोळपाट परत ओट्यावर आलाय. बिजागरीने त्याला एक चरा पाडलाय, पोळी लाटताना तिथे जरा अडकते.