हानेस कोलेहमाइनेनबद्दल कुणी नीट सांगेल का?

प्रश्न:
धावपटू पाव्हो नुर्मीचं नाव सगळ्यांनी ऐकलेलं असतं, पण त्याच्या आधीच्या, फिनलंडच्याच धावपटू हानेस कोलेहमाइनेनबद्दल मराठीत काहीच सापडत नाही. १९१२ ला स्टॉकहोम ऑलिंपिकला तीन गोल्ड आणि मग एकदम १९२० ला अँटवर्पला मॅरेथॉनचं गोल्ड, मधली आठ वर्षं हा माणूस होता कुठे? आणि स्टॉकहोमला जिंकूनही तो खूश नव्हता म्हणे, ते का?

प्रतिसाद:
खूश कसा असेल हो, तेव्हा फिनलंड रशियाच्या झारच्या ताब्यात होता, टीम वेगळी उतरली तरी जिंकल्यावर झेंडा चढायचा रशियाचा. तो बघण्यापेक्षा जिंकलो नसतो तर बरं, अशा अर्थाचं तो बोलल्याचं सांगतात.
आणि पळाला काय होता! ७ जुलैला १० हजार मीटरची हीट (प्राथमिक फेरी), ८ ला फायनल, ९ ला ५ हजारची हीट, १० ला फायनल, मग ३ हजारची टीम रेस, १५ ला क्रॉस कंट्री (रानामाळातली शर्यत). त्यातली ५ हजारची फायनल म्हणजे कहर, तो आणि फ्रान्सचा ज्याँ बुआँ, बाकीचे पार मागे, शेवटच्या लॅपला बुआँ पुढेच होता आणि अगदी फिनिशला याने गाठलं. १४:३६.६ विरुद्ध १४:३६.७! त्याआधी १५ मिनिटांच्या आत कुणी आलंच नव्हतं, इथे एकाच रेसमध्ये दोघं आले. बुआँ बिचारा दोन वर्षांनी महायुद्धात गेला, त्याचं मला फार वाईट वाटतं.

प्रतिसाद:
मधली वर्षं अमेरिकेत काढली. पेशाने गवंडी, आणि खाणं शाकाहारी, त्या काळातल्या फिनलंडमध्ये हे विशेषच. भाऊसुद्धा पळणारे, विल्यामी तर पैशासाठी पळणारा प्रोफेशनल होता. १९१६ चं ऑलिंपिक युद्धामुळे झालंच नाही, म्हणजे ऐन भरातली वर्षं गेली, तरी हा पठ्ठ्या लांब पल्ल्याकडे वळला, १९१७ ला बॉस्टन मॅरेथॉनला चौथा आला. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये फिनलंड स्वतंत्र झाला, त्यामुळे अँटवर्पला तो जिंकला तेव्हा झेंडा स्वतःच्या देशाचा होता. माझ्या मते चारही गोल्डमध्ये याचंच मोल जास्त.
आणि हो, नुर्मी! १९१२ ला तो १५ वर्षांचा, हानेसच्या जिंकण्याने इतका भारावला की थोड्याच दिवसांत त्याने पळायचे पहिले बूट घेतले. १९५२ ला हेलसिंकी ऑलिंपिकला स्टेडियममध्ये मशाल घेऊन आला तो नुर्मी आणि टॉवरवरची ज्योत पेटवली ती ६२ वर्षांच्या हानेसने.

प्रतिसाद:
अँटवर्पची मॅरेथॉन ४२.७५ किलोमीटरची होती, म्हणजे नेहमीपेक्षा अर्धा किलोमीटर जास्तच, आणि एवढं पळून दुसरा आलेला एस्टोनियाचा यूरी लॉसमन फक्त १३ सेकंद मागे! हानेसची वेळ २:३२:३५.८.
आता आपल्या लोकांसाठी महत्त्वाचं, याच रेसमध्ये बेळगावचे फडेप्पा चौगुले होते, १९वे आले. पुण्यात डेक्कन जिमखान्याच्या स्पर्धेत शेतकऱ्यांची पोरं अनवाणी पळताना बघून दोराबजी टाटांनी भारताची ती टीम ऑलिंपिकला पाठवायचं मनावर घेतलं होतं. हानेसचं वाचताना चौगुल्यांचंही वाचा.

प्रश्नकर्ता:
सगळ्यांचे आभार, चौगुल्यांचं खरंच माहीत नव्हतं. बेळगावकडचं कुणी असेल तर त्यांच्यावर वेगळा धागा काढा ना प्लीज, त्यांचा सराव कसा चालायचा, परत आल्यावर काय केलं, सगळं वाचायचंय.