कोल्हापूर ते तिरुपती विमानाचं अंतर किती आणि वेळ किती धरायचा?

रंकाळावेस:
नमस्कार मंडळी. आईला बालाजीला न्यायचंय. वय ७४, गुडघ्यांचा त्रास, त्यामुळे हरिप्रिया एक्सप्रेसचा २० तासांचा रेल्वे प्रवास या वेळी नको वाटतोय. नेटवर अंतर एका ठिकाणी साडेसहाशे किमी दाखवतंय, दुसरीकडे आठशेच्या वर, आणि वेळ तर कुठं एक तास दहा मिनिटं तर कुठं पावणेदोन तास. नक्की काय धरायचं? जाणकारांनी सांगा प्लीज.

उजळाईवाडीकर:
आठशेच्या वरचा आकडा रस्त्याचा आहे हो, बेळगाव हुबळीवरून फिरून जाणारा. उजळाईवाडी म्हणजे आपलं कोल्हापूर विमानतळ ते रेणिगुंटा म्हणजे तिरुपतीचं विमानतळ, सरळ रेषेत साधारण ६५५-६६० किमी भरतं. नकाशावर पट्टी ठेवून बघा, बरोबर मध्यावर बळ्ळारी येतं. वेळेतला फरक विमानाचा आहे. एटीआर पंख्याचं विमान, ताशी ५०० च्या आसपास जातं, म्हणजे हवेतच दीड तासाच्या जवळपास लागतो आणि एम्ब्रेअर जेट असलं तर तेच अंतर तासा-सव्वातासात संपतं. शिवाय तिकिटावरची वेळ विमान जागेवरनं हलल्यापासून तिकडं जाऊन थांबेपर्यंतची असते, त्यात धावपट्टीपर्यंत जाणं, उतरायच्या आधी एखादा वळसा, सगळं आलं. नुसतं अंतर भागिले वेग करून सांगणाऱ्या साइटी ते धरत नाहीत, म्हणून आकडा कमी दिसतो. तिकीट काढताना विमान कुठलं ते बघा, तिथंच लिहिलेलं असतं.

पंचगंगा_घाट:
वरचं सगळं बरोबर. पण भावा, आईला नेताय तर विमानातला वेळ सोडा, पुढचं बघा. रेणिगुंटा विमानतळ तिरुपती गावापासून १५ किमीवर, तिथनं वर तिरुमलाचा घाट अजून २० च्या पुढं, आणि घाटाच्या पायथ्याशी अलिपिरीच्या नाक्यावर सगळ्यांना खाली उतरवून बॅगा तपासतात, गर्दी असली की तिथं वेळ जातोच. विमान उतरल्यावर वर पोचायला अडीच तास तरी हातात ठेवा, त्याच दिवशीचा दर्शनाचा स्लॉट अगदी चिकटून घेऊ नका. ज्येष्ठांसाठी वेगळा कोटा असतो, तो देवस्थानच्या साइटवर आधी बुक करायचा.

रंकाळावेस:
खूप आभार दोघांचे. थेट विमान आमच्या तारखेला नसलं तर हैदराबादवरून बदलून गेलेलं चालेल का?

उजळाईवाडीकर:
चालेल, पण कोल्हापूर-हैदराबाद साडेचारशे आणि पुढं तिरुपती सव्वाचारशेच्या आत, म्हणजे दोनशे किमी जास्त आणि मधला थांबा वेगळा. गुडघे दुखणाऱ्या माणसाला दोनदा चढउतार होते. मी असतो तर तारीख एक-दोन दिवस मागंपुढं केली असती आणि थेटच घेतलं असतं. व्हीलचेअर बुकिंग करतानाच मागा, आयत्या वेळी नको. एटीआर असलं तर चढायचं दार मागं असतं, म्हणून सीट शेवटच्या ओळींतली घ्या, आईंना आत फार चालायला लागणार नाही. आणि खिडकी उजवीकडची मिळाली, हवा साफ असली तर जाताना होस्पेटजवळ तुंगभद्रेचं धरण दिसायला पाहिजे, सरळ रेषेपासून ते फार लांब नाही.